‘विसरून जा’ हे औषध नव्हे

अपघातातून माणूस वाचतो. हाड जुळते, टाके निघतात, डिस्चार्ज कार्डावर ‘प्रकृती समाधानकारक’ असा शेरा पडतो आणि घरचे पेढे वाटतात. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी तोच माणूस माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरकडे येतो. तक्रार मात्र वेगळीच असते. ‘ॲसिडिटी फार वाढली आहे’, ‘छातीत धडधडते, एकदा कार्डिओग्राम काढा’, ‘अशक्तपणा आहे, एखादी सलाईन लावली तर बरे होईल’. कार्डिओग्राम नॉर्मल येतो. रक्त-लघवीत काही सापडत नाही. मग बरोबर आलेली बायको हळूच सांगते, ‘रात्री दोन वाजता ओरडत उठतात. द्वारकेच्या चौकातून जायचे म्हटले की घाम फुटतो. पोरांवर कधी हात उचलला नव्हता, परवा उचलला.’

माझ्या मते आजार तिथे असतो, त्या शेवटच्या तीन वाक्यांत. आणि तो आपण बहुतेक वेळा ऐकतच नाही.

वैद्यकशास्त्राने या आजाराला रीतसर नाव दिले १९८० साली. व्हिएतनामच्या लढाईहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांची अवस्था पाहून तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या विकारांच्या यादीत त्याची नोंद केली. मराठीत त्याला ‘आघातोत्तर तणाव विकार’ असे जड नाव आहे. आपण नुसते ‘आघात’ म्हणू. आजार अर्थातच त्याहून पुष्कळ जुना. पहिल्या महायुद्धात खंदकात बसून तोफांचा मारा सोसलेल्या सैनिकांचे हात थरथरत, वाचा बसे, अंगावर जखम मात्र नसे. १९१५ साली डॉ. चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याला ‘शेल शॉक’ म्हटले. तेव्हाच्या अनेक सेनाधिकाऱ्यांचे निदान त्याहून सोपे होते: भित्रेपणा.

जाता जाता आपल्या जिल्ह्याची एक गंमत सांगतो. इंग्रजीत वेड लागलेल्या माणसाला ‘डूलाली’ म्हणतात. हा शब्द आपल्या देवळालीवरून गेलेला आहे. मुदत संपलेले ब्रिटिश सोल्जर विलायतेच्या बोटीची वाट पाहत देवळालीच्या छावणीत महिनोन् महिने पडून असत. उन्हाळा, रिकामपण, दारू आणि हिवताप यांनी काहींची डोकी फिरत. त्याला ते ‘डूलाली टॅप’ म्हणत, आणि त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. आपल्या गावाचे नाव परक्या भाषेत मनाच्या आजाराला चिकटले, पण त्या आजाराबद्दल आपल्या घरांत अजून कुजबुजूनच बोलतात.

असो. आघातात नेमके होते काय? जिवावर बेतले की मेंदूचा एक लहानसा, बदामाच्या आकाराचा भाग धोक्याची घंटा वाजवतो. अड्रेनालिन उसळते, हृदय धावते, स्नायू ताठतात, पोट आवळते. पळ किंवा लढ, हाच आदेश. काही वेळा माणूस पळतही नाही, लढतही नाही, जागच्या जागी थिजतो. हेही शरीराचेच काम आहे, यात कमीपणा काही नाही. (‘तू ओरडली का नाहीस?’ असा प्रश्न अत्याचार झालेल्या मुलीला विचारणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.) अशा वेळी स्मृती नेहमीसारखी साठवली जात नाही. एरवी आठवणीला जागा, वेळ, सुरुवात, शेवट असतो. ही आठवण तुकड्यातुकड्यांनी राहते: जळक्या रबराचा वास, काचेचा आवाज, कोणाचा तरी हात. त्यावर तारखेचा शिक्का बसत नाही. त्यामुळे तसा वास पुन्हा आला की मेंदूला ते ‘मागे घडले होते’ असे वाटत नाही, ‘आत्ता घडते आहे’ असे वाटते. निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार माझ्याकडे येत. मार्च २०१४ च्या गारपिटीत त्यांची उभी बाग झोपली. त्यानंतर दोन वर्षे पत्र्यावर साधा पाऊस वाजला तरी त्यांचे हातपाय गार पडत. त्यांना वेड लागले नव्हते. त्यांचा मेंदू फक्त एक घंटा बंद करायला विसरला होता.

घंटा वाजू नये म्हणून माणूस मग त्या वाटेला जाणे सोडतो. रस्ता बदलतो, गाडी विकतो, बातम्या बघत नाही, लग्नाकार्याला जात नाही. सुरुवातीला बरे वाटते, आणि नेमकी गोम तिथेच आहे. जितके टाळावे तितकी भीती पक्की होते, कारण ‘तिथे गेलो आणि काही झाले नाही’ हा अनुभव मेंदूला मिळतच नाही.

आता नाशिककडे वळू. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थात रामकुंडाजवळच्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. मालेगावने २००६ आणि २००८ चे स्फोट पाहिले. २१ एप्रिल २०२१ रोजी कोविडची दुसरी लाट ऐन भरात असताना महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब पडला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे औरंगाबाद रस्त्यावर यवतमाळहून मुंबईकडे निघालेली खासगी बस ट्रकला धडकून पेटली, १२ प्रवासी जळून गेले. प्रत्येक वेळी आपल्या व्यवस्थेने जे करायचे ते केले: पंचनामा, शवविच्छेदन, चौकशी समिती, मदतीची घोषणा. झाकीर हुसेनमधल्या मृतांच्या वारसांना राज्य सरकारने प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले. ही मदत हवीच, तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण या सगळ्या कागदांत, त्या वॉर्डात डोळ्यांदेखत आपल्या माणसाचा श्वास थांबताना पाहिलेल्या मुलाला झोप लागते का, हा रकाना कुठे आहे? सिलिंडरसाठी या खाटेवरून त्या खाटेकडे धावलेल्या सिस्टरांचे काय? पहाटे पेटत्या बसकडे पळत गेलेल्या रस्त्यावरच्या माणसांचे काय? जखमींच्या यादीत यांतले कोणीच नसते.

माझी तक्रार पैशांबद्दल नाही, ती या नसलेल्या रकान्याबद्दल आहे.

इथे एक धोका सांगायला हवा, कारण अलीकडे दुसऱ्या टोकाची मंडळीही भेटतात. काही घडले की ताबडतोब समुपदेशकांची फौज पाठवा, प्रत्येकाला बोलते करा, रडू द्या, असे त्यांचे मत. हेतू चांगला आहे, पण शास्त्र तसे सांगत नाही. दुर्घटनेनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून घडलेले सविस्तर वदवून घेण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत १९८० नंतर फार लोकप्रिय होती. पुढे तिचा नीट अभ्यास झाला तेव्हा आढळले की अशा एका बैठकीने आघात टळत नाही, उलट काहींचा त्रास वाढतो. ड्रेसिंग करणाऱ्या कोणत्याही कंपाउंडरला हे समजावून सांगावे लागत नाही. स्वच्छ जखम धुवावी, झाकावी, दोन दिवसांनी उघडून पाहावी. ती रोज टोकरू नये. बहुतेक जखमा आपोआप भरतात. मनाचेही असेच आहे: भयंकर प्रसंगातून गेलेली बहुसंख्य माणसे काही आठवड्यांत आपल्या बळावर आणि आपल्या माणसांच्या बळावर सावरतात. पहिला महिनाभर झोप न लागणे, दचकणे, तेच तेच आठवणे हा आजार मानत नाहीत. ज्यांची जखम महिन्यानंतरही लाल आहे, ठणकते आहे, त्यांच्या आत पू झाला आहे असे समजावे. त्यांना मात्र तज्ज्ञाकडे पाठवलेच पाहिजे. म्हणजे प्रश्न पहिल्या दिवशी किती समुपदेशक आले हा नसून एक महिन्याने, सहा महिन्यांनी कोण विचारायला आले, हा आहे. पहिल्या दिवशी कॅमेरेही येतात.

मग पहिल्या दिवशी काय करावे? अगदी साधे. माणसाला सुरक्षित जागी न्यावे, पाणी द्यावे, अंगावर काही पांघरावे, त्याचा फोन हरवला असेल तर आपल्या फोनवरून घरी लावून द्यावा. त्याला बोलायचे असेल तर ऐकावे. बोलायचे नसेल तर जवळ बसावे. ‘देवाची इच्छा’, ‘तुझे नशीब थोर म्हणून वाचलास’, ‘दुसऱ्यांचे बघ, तुझे तर काहीच नाही’ ही वाक्ये गिळून टाकावीत. वाचलेल्या माणसाला आपण वाचलो याचीच लाज वाटत असते. शेजारचा गेला आणि मी का राहिलो, या प्रश्नात ‘नशीब थोर’ हे उत्तर चटक्यासारखे लागते.

आणि झोपेची गोळी देऊ नये. हे मी माझ्या व्यवसायबंधूंना उद्देशून लिहितो आहे. घरात अघटित घडले की पहिल्या रात्री कोणीतरी ‘सगळ्यांना शांत झोप लागेल असे काहीतरी द्या’ म्हणतो आणि अल्प्राझोलामची पट्टी हातात पडते. ती पट्टी मग संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ सालच्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे की आघातानंतरच्या पहिल्या महिन्यातल्या त्रासासाठी या जातीची औषधे देऊ नयेत. त्यांनी मूळ आजार टळत नाही आणि सवय लागते ती वेगळीच. मेडिकल दुकानातून जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे ही गोळी घेणारे लोक आपल्या शहरात किती आहेत, हे औषध दुकानदारांना विचारा. (जे आज घेत आहेत त्यांनी हा लेख वाचून ती एकदम थांबवू नये. त्यानेही झटके येऊ शकतात. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावी.) पुरुषांच्या बाबतीत गोळीची जागा बाटली घेते, एवढाच फरक. ‘त्या दिवसापासून प्यायला लागला’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे की दारूच्या प्रत्येक नव्या रुग्णाला ‘तो दिवस कोणता’ हे विचारायची मला सवय लागली आहे.

आपल्या समाजाकडे एक जुने औषध होते. कर्मकांडाचा मी मोठा भोक्ता नाही. पण रामकुंडावर दशक्रियेसाठी महाराष्ट्रभरातून आलेली माणसे मी लहानपणापासून पाहतो आहे, आणि डॉक्टर म्हणून मला त्या तेरा दिवसांचे महत्त्व पटते. घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठले-भाकरी आणून देतात. माणसे येऊन नुसती बसतात. तीच हकिगत दहा जणांना दहा वेळा सांगितली जाते, आणि सांगता सांगता त्या तुकड्यांना सुरुवात आणि शेवट मिळतो. वर सांगितलेला तारखेचा शिक्का हळूहळू बसतो, तो असा. तेराव्याला गोड जेवण करून माणसाला पुन्हा कामाला जुंपतात. कोविडमध्ये हे सगळे एका फटक्यात गेले. तोंड पाहता आले नाही, खांदा देता आला नाही, बसायला कोणी आले नाही. २०२०-२१ मध्ये घरातले माणूस गेलेल्या कुटुंबांमध्ये दुःख अडकून पडल्याचे मला आजही दिसते, ते यामुळेच असावे असे माझे मत आहे.

जुन्या औषधात विषही होते, हे सांगायला हवे. नवरा गेल्याच्या धक्क्यात असलेल्या बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे हा जखमेवर दुसरा घाव आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून हे बंद केले. समाजसुधारणा म्हणून त्याचे कौतुक झाले. मी त्याला मानसिक आरोग्याचा ठराव म्हणेन.

या विषयावर महाराष्ट्राला ज्या घटनेने सर्वांत जास्त शिकवले ती किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेले, माणसे थकून झोपलेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सरकारी आकड्यानुसार ८ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्या वेळी मी नुकताच इंटर्नशिपला लागलो होतो. वसतिगृहातून कपडे-औषधे गोळा करून ट्रक पाठवले जात होते. ट्रक भरताना आम्हा कोणाच्या डोक्यात मनाचा विचार आला नव्हता, आणि तो आमच्या अभ्यासक्रमातही फारसा नव्हता: साडेचार वर्षांत मानसोपचाराचे पोस्टिंग दोन आठवड्यांचे.

पण किल्लारीत मनाचा विचार झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भूकंपाच्या मानसिक परिणामांचा अभ्यास हाती घेतला आणि पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेतून डॉ. मोहन आगाशे यांच्यासारखी माणसे त्यात उतरली. आगाशे ‘घाशीराम’मधले नाना फडणवीस म्हणून लोकांना माहीत, पण ते मनोविकारतज्ज्ञ आहेत. त्या गावांमधून जे कळले ते पुस्तकातले नव्हते. पक्की घरे बांधून झाली तरी लोक छताखाली झोपायला धजत नव्हते, शेजारी पत्र्याची शेड घालून तिथे निजत. ५२ गावे नव्या जागी वसवली. रुंद रस्ते, सरळ रांगा, मोकळे प्लॉट. इंजिनिअरच्या दृष्टीने उत्तम, पण ओट्यावर बसून समोरच्या दाराशी बोलता येईल अशी बोळ त्यात नव्हती. मुले गेलेल्या आयांनी नसबंदीची शस्त्रक्रिया उलटवून मागितली आणि सरकारने ती सोय करून दिली. बाहेरून पाहणाऱ्याला हे घाईचे वाटेल. मला ती त्या बाईची जगण्याकडे वळलेली मान वाटते.

दुसरी गोष्ट कामाची. घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ने गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभे केले. घर कसे मजबूत करायचे, सिमेंट किती लागते, हप्ता कधी मिळतो, हे या बायका समजून घेत आणि गावाला समजावत. ज्या घराने माणसे गिळली त्याच घराच्या भिंतीला हात लावून ती पक्की कशी होते ते शिकणे, याहून चांगला भीतीवरचा उपचार मी तरी ऐकलेला नाही. आज मनोविकारतज्ज्ञ जी उपचारपद्धती वापरतात तिचेही मर्म हेच आहे: सुरक्षित वातावरणात, टप्प्याटप्प्याने, ज्याला घाबरतो त्याच्याजवळ जायचे आणि घडलेले सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायचे. साधारण आठ ते बारा बैठकांत पुष्कळांना चांगला फरक पडतो. गरजेप्रमाणे सर्ट्रालिनसारखे, सवय न लावणारे औषध जोडीला देतात. डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करून घेणारी एक पद्धतही आहे. ती ऐकायला विचित्र वाटते, पण तिच्यामागे पुरावा आहे. मनोविकारतज्ज्ञाकडे गेले की शॉक देतात, हा सिनेमाने करून ठेवलेला गैरसमज.

मुलांबद्दल थोडेसे. मूल ‘मला भीती वाटते’ असे म्हणत नाही. ते पुन्हा अंथरूण ओले करते, शाळेत जाताना पोटदुखी काढते, खेळण्यातली बस पुन्हा पुन्हा आपटते. तो खेळ थांबवू नये. त्याला खोटेही सांगू नये. ‘बाबा गावाला गेले’ हे वाक्य मोठ्यांच्या सोयीचे असते, मूल मात्र रोज संध्याकाळी दाराकडे बघत राहते.

पुढचा सिंहस्थ २०२७ सालचा. रस्ते, घाट, साधुग्राम, गर्दीचे नियोजन यावर कोट्यवधी रुपये खर्च होणार आहेत. माझी मागणी लहान आहे. नदीतून माणसे, आणि कधी मृतदेह, काढणारे जीवरक्षक, अग्निशमन दलाचे जवान, रुग्णवाहिकेचे चालक, बंदोबस्तावरचे पोलीस आणि शहरातले आम्ही फॅमिली डॉक्टर यांना पहिल्या दिवशी काय बोलावे, काय बोलू नये आणि कोणाला पुढे पाठवावे याचे एक दिवसाचे प्रशिक्षण द्यावे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच गावात आहे, शिकवणारे शोधायला लांब जावे लागणार नाही. आणि कोणतीही दुर्घटना घडली की जखमी, नातेवाईक आणि मदतीला गेलेले, या सर्वांची एक वही करावी. त्या वहीतल्या प्रत्येकाला महिन्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षश्राद्धाच्या आसपास आरोग्य सेविकेने एकदा फोन करावा. ती तारीख जवळ आली की बरी झालेली माणसेही पुन्हा अस्वस्थ होतात, हा अनुभव सगळीकडचा आहे. या कामाला इमारत लागत नाही, निविदाही काढावी लागत नाही. कदाचित म्हणूनच ते सुचत नसावे.

तोपर्यंत ज्यांना गरज आहे त्यांनी थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते आणि रात्रीही फोन लागतो. जिल्हा शासकीय रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, केसपेपर इतर विभागांसारखाच निघतो. मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी जावे, सोबत घरचे एक माणूस घेऊन. आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलात तर ॲसिडिटी सांगून झाल्यावर लगेच उठू नका. त्या रात्रीच्या ओरडण्याचेही सांगा. सकाळी गर्दी असते, दुपारी बाराच्या पुढे आम्हाला जरा वेळ असतो.